बारावीला ९१ असले तरी मॅथ्सची प्लेसमेंट टेस्ट मनावर घ्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मिस्टरांची बदली टेक्सासमधल्या डॅलसला झालीय, मुलगा नाशिकहून स्टेट बोर्डाची बारावी सायन्स करून येतोय, गणितात ९१, इंजिनिअरिंग करायचंय आणि पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला, काढायचं ठरलंय. कॉलेज म्हणतंय मॅथ्सची प्लेसमेंट, म्हणजे कुठल्या कोर्सला बसवायचं ते ठरवणारी परीक्षा, द्या, तर ९१ वर ती माफ होत नाही का आणि तयारी लागते का, असं विचारलंत. माफ होईल असं धरून चालू नका, आणि तयारी लागते, निदान तीन-चार आठवडे. आम्ही सांगलीचे, आता डॅलसजवळ प्लेनोला नऊ वर्षं झाली, माझ्या मुलाच्या वेळी आम्ही हे हलक्यात घेतलं आणि एक अख्खं सेमिस्टर गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक घोळ मिटवते, कारण इथे परीक्षा दोन असू शकतात आणि लोक एकच समजतात. पहिली टीएसआय, म्हणजे टेक्सासच्या सरकारी कॉलेजात शिकायची तुमची तयारी आहे का एवढंच बघणारी. २०२१ पासून तिची नवी आवृत्ती चालू आहे, मॅथ्सला ९५० आले की झालं. पण ती पास झाली म्हणजे कॅल्क्युलसचं दार उघडलं असं नाही, त्याने फक्त कॉलेज अल्जेब्रापर्यंत पोचता. थेट कॅल्क्युलसला बसायचं तर बऱ्याच कॉलेजात वेगळी प्लेसमेंट असते, कुठे डिपार्टमेंटची स्वतःची तर कुठे अलेक्स नावाची ऑनलाइन टेस्ट. तेव्हा कॉलेजला ईमेल करून सरळ विचारा, कॅल्क्युलस वन साठी नक्की कुठली टेस्ट आणि किती स्कोअर, आणि उत्तर लेखी घ्या.

आता कोर्सची साखळी बघा. टेक्सासमध्ये बहुतेक सगळ्या सरकारी कॉलेजांत कोर्सचे नंबर सारखे असतात, मॅथ १३१४ कॉलेज अल्जेब्रा, २४१२ प्रीकॅल्क्युलस, २४१३ कॅल्क्युलस वन, मग कॅल्क्युलसचेच पुढचे भाग २४१४, २४१५. दुसरा आकडा म्हणजे क्रेडिट, कोर्सचं वजन म्हणा, त्यामुळे २४१३ चार क्रेडिटचा. एकामागून एकच घेता येतात, आणि इंजिनिअरिंगचं फिजिक्स घ्यायला कॅल्क्युलस वन लागतं, पुढचं मेकॅनिक्स त्या फिजिक्सवर अडतं. म्हणजे मुलाला १३१४ ला बसवलं तर फिजिक्सला हात लागेपर्यंत वर्ष जातं आणि दोन वर्षांचं सगळं गणित कोलमडतं. आपल्याकडे पोराला पहिल्या वर्षाला टाकलं की विषय ठरलेले असतात, इथे पहिल्या दिवशी कुठल्या पायरीवर उभं केलं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आमच्या मुलाने इथे उतरल्यावर दुसऱ्याच आठवड्यात टेस्ट दिली, झोपेचं चक्र बिघडलेलं, त्यात "अल्जेब्राच तर आहे, नववी-दहावीचं" असं आम्हीच म्हटलेलं. अलेक्समध्ये १०० पैकी ५८ आले. कॉलेजच्या सल्लागार बाईंनी मार्कशीट बघून विचारलं, यात कॅल्क्युलस कुठे लिहिलंय? खरंच लिहिलेलं नसतं ना, मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स आणि १०० पैकी मार्क एवढंच असतं, त्यात डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन सगळं झालंय हे त्यांना कळणार कसं. झालं, प्रीकॅल्क्युलस. टेस्ट परत देता येते हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

अलेक्सबद्दल सांगायचं तर जास्तीत जास्त ३० प्रश्न, उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरतो, बहुतेक ठिकाणी पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं. स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, लागेल तिथेच स्क्रीनवर येतो, पण आपली मुलं लॉग टेबलवर वाढलेली, त्याचा त्यांना त्रास नाही. यात कॅल्क्युलस विचारतच नाहीत, प्रीकॅल्क्युलसपर्यंतच असतं, आणि बारावीची मुलं नेमकी तिथेच सापडतात, कारण इंटिग्रेशन तोंडपाठ असतं पण फॅक्टरिंग, रॅशनल एक्स्प्रेशन, ग्राफ बघून डोमेन-रेंज सांगणं याला हात लावून दोन वर्षं झालेली असतात. कॅल्क्युलस वन साठी बऱ्याच ठिकाणी ७५ च्या पुढे लागतात. टेस्ट परत सहसा देता येते, मध्ये सरावाचं मॉड्यूल असतं, ते चुकवू देऊ नका.

आणि एक गोष्ट मुलाला आजच दाखवा. आपल्या पुस्तकात कॅल्क्युलसमध्ये नुसतं लॉग लिहिलं की तो ई बेसचा, इथे त्याला एलएन लिहितात आणि नुसता लॉग म्हणजे बेस १०. माझ्या मुलाने घरी सराव करताना ई रेज टू टू एक्स बरोबर ७ हे अगदी बरोबर सोडवलं आणि उत्तर टाइप केलं लॉग ७ भागिले २. चूक. परत केलं, परत चूक, वही माझ्यासमोर आपटली, "आई, बघ ना, कुठे चुकलंय?" पाऊणएक तासाने त्याच्या मित्राने फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. तसंच कोसेक इथे सीएससी लिहितात. ज्ञान असून मार्क जातात ते असे.

उलट टोकालाही जाऊ नका. क्लेप नावाची, कोर्स न करताच त्याचं क्रेडिट मिळवून देणारी परीक्षा आहे, त्यात कॅल्क्युलसला ५० आले तर बरीच कॉलेजं चार क्रेडिट देतात आणि पोरगं थेट कॅल्क्युलस टू ला बसतं. मी म्हणेन नको. नवा देश, नवी शिकवायची पद्धत, पहिल्या सेमिस्टरला ओळखीचं कॅल्क्युलस वन असलं की जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, पण चांगला होतो आणि पोराला धीर येतो. झेपलं नाही म्हणून कोर्स मध्येच सोडला तर तोही मोजला जातो, टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत पदवी होईपर्यंत सहाच कोर्स असे सोडता येतात.

निघायच्या आधी अकरावी-बारावीच्या गणिताचा सिलॅबस बोर्डाच्या साइटवरून प्रिंट करा, ज्युनिअर कॉलेजचा सही-शिक्का घ्या, दोन्ही वर्षांच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिकेचे फोटो पण ठेवा. सल्लागारासमोर मार्कशीटबरोबर तेही ठेवायचं. टेस्ट उतरल्यावर पंधरा दिवस तरी देऊ नका, पण रजिस्ट्रेशन उघडायच्या आधी दोनदा देता येईल एवढा वेळ हातात ठेवा, कारण कॅल्क्युलसचे सकाळचे वर्ग पटापट भरतात आणि मग रात्री साडेसातचा उरतो, ज्याला घरात दुसरी गाडी नसली की जाणं-येणं फार अवघड होतं.