१९९७ मध्ये आलेल्या नव्या पोर्शे ९११ वर (९९६ पिढी) जुने चाहते एवढे का भडकले होते?

मुख्यतः दिव्यांमुळे! १९६३ पासून चालत आलेले गोल हेडलाइट गेले आणि नारिंगी इंडिकेटर त्याच काचेखाली आला. आकार असा ओघळलेला, की लोकांनी त्याला 'फ्राइड एग' म्हणून हिणवलं. त्यात समोरून गाडी थेट पोर्शेच्याच स्वस्तातल्या बॉक्स्टरसारखी. जास्त पैसे मोजणाऱ्याला हे झोंबणारच. हवेऐवजी पाण्याने थंड होणारं इंजिनही कट्टर मंडळींच्या पचनी पडलं नाही. पण प्रदूषण आणि आवाजाचे नियम कडक होत होते, शिवाय प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे होते, त्यामुळे ते टाळणं अवघडच होतं. २००४ च्या पुढच्या पिढीत (९९७) गोल दिवे परतले, पाण्याने थंड होणारं इंजिन मात्र राहिलं. तेव्हा फारशी कुणी कुरकुर केली नाही, म्हणजे खरं दुखणं चेहऱ्याचंच असावं.