दार बंद झालं, म्हणजे पाचारण संपलं का?

प्रश्न : पाळकीय सेवेच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या कामाच्या, शिक्षणासाठी सलग दोन वर्षं अर्ज केला, दोन्ही वेळा मुलाखतीत नाकारलं. आमच्या चर्चच्या मंडळीतले काही जण म्हणतात, ‘प्रभूने उत्तर दिलंय, आता तरी समजून घे.’ हा खरंच देवाचा नकार आहे, की पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाची हाक, अजून आहे?

एवढंच पक्कं कळलंय की त्या समितीने, त्या वर्षी, त्या अभ्यासक्रमासाठी तुम्हाला घेतलं नाही. पुढचा अर्थ माणसांनी लावलेला आहे. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय १६ उघडा. आशिया प्रांतात (हे खंड नव्हे, आजच्या तुर्कस्तानातला रोमन प्रांत) वचन सांगायला प्रेषित पौलाला पवित्र आत्म्याने मनाई केली. तो शेजारच्या बिथुनिया प्रांताकडे वळला, तिथेही जाऊ दिलं नाही. शेवटी त्रोवसला, म्हणजे थेट समुद्राकाठी पोचला आणि तिथे रात्री समुद्रापलीकडच्या मासेदोनियाला बोलावणाऱ्या एका माणसाचा दृष्टान्त झाला. नकार रस्त्याला होता, प्रेषितपणाला नव्हता. आणि ज्या आशियात जायला मनाई झाली, त्याच आशियातल्या इफिसात पौल पुढे दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. उलट बाजूही पाहा : मासेदोनियाचं दार देवाने उघडलं आणि तिथल्याच फिलिप्पै शहरात पौलाच्या वाट्याला फटके व तुरुंग आला. तेव्हा सगळं सुरळीत चाललंय ही पाचारणाची खूण नाही आणि अडचण आली हा त्याविरुद्धचा पुरावाही नाही.

आता कामाचं. समितीला नम्रपणे लेखी विचारा की नेमका कुठे कमी पडलो : अभ्यासात, पाळकांच्या शिफारसपत्रात, सेवेच्या अनुभवात, घरच्या आर्थिक तयारीत की स्वभावात? पहिल्या चार गोष्टी वर्षभरात बऱ्याचशा सुधारता येतात. राग, पैशाचा व्यवहार, खरेपणा यांबद्दल शंका असेल तर मात्र तिसरा अर्ज थांबवा आणि आधी त्यावर काम करा.

अशा मुलाखतीत घसरण्याची एक ठरलेली जागा आहे. उमेदवार आपल्याला पाचारण कसं झालं हे दहा मिनिटं सांगतो आणि ‘गेल्या वर्षी कोणती सेवा केलीत?’ म्हटलं की अर्ध्या वाक्यात आटोपतो. म्हणून १२ महिन्यांसाठी एकच जबाबदारी घ्या. दर आठवड्याला, त्याच माणसांसोबत, कुणाच्या तरी देखरेखीखाली : शब्बाथ शाळेचा (मुलांच्या बायबल शाळेचा) एक वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी, काहीही. प्रत्येक वेळी वहीत चार ओळी लिहा : तारीख, काय केलं, कुणाला उपयोग झाला, कुठे अडलं.

वर्ष संपल्यावर तिघांना वेगवेगळं गाठा : पाळक, सोबत सेवा करणारं कुणीतरी आणि मंडळीबाहेरची एक व्यक्ती. तिसरी टाळू नका. अध्यक्षाबद्दल, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्याबद्दल, बाहेरच्या लोकांनीही चांगली साक्ष द्यावी, अशी अट १ तीमथ्य ३:७ मध्ये आहे. ‘मला पाचारण आहे का?’ असं विचारलंत तर भिडेखातर ‘हो’ म्हणतील. त्याऐवजी विचारा, ‘माझ्या कोणत्या कामाने कुणाचं भलं झालेलं दिसलं? आणि कोणतं काम मी करू नये?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त मोलाचं असतं. तिघे एकमेकांशी न बोलता एकच सांगत असतील तर ते ऐका, मग ते व्यासपीठापासून दूर नेणारं का असेना.

प्रश्न : तरुणांचा शास्त्राभ्यास सुरू केला तेव्हा पंधरा जण होते, आता तिघे येतात. प्रार्थनाही कोरडी वाटते. सोडून द्यावं का?

आज ठरवू नका. येशू संघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा जुना नियम आहे : मन उदास, कोरडं असताना, शांत मनाने आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. अपेक्षाभंग त्यांना चांगलाच ठाऊक होता. १५२३ मध्ये ते यरुशलेमेत कायमचं राहायला गेले आणि तिथल्या फ्रान्सिस्कन या संन्यासी संघाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठवलं. मग तिशी ओलांडलेला हा माणूस बार्सिलोनात पोरांसोबत लॅटिन शिकायला बसला. त्यांच्या येशू संघाला मान्यता मिळाली ती १५४० मध्ये.

पण आधी शरीराकडे बघा. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. भाकर, पाणी आणि झोप, तेही दोनदा (१ राजे १९). दोन आठवडे झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल तर डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वासाची कमतरता काही नाही.

नंतर वर्गाला आधी सांगून चार आठवडे सुटी घ्या. त्या काळात गेलेल्या बारांपैकी निदान पाच जणांना एकेकटं भेटून कारण विचारा. बरेचदा ते अगदीच साधं निघतं : वेळ परीक्षेच्या आड येते, किंवा तुम्ही एकटेच पन्नास मिनिटं बोलता. मग कागदावर चार रकाने आखा : चालू ठेवण्याचे फायदे, तोटे, थांबवण्याचे फायदे, तोटे. लोयोलांचीच आणखी एक युक्ती : एखादी अनोळखी व्यक्ती हाच कागद घेऊन आली असती तर तिला काय सांगितलं असतंत, ते लिहा.

प्रश्न : सेवा अर्ध्यावर टाकून निघून गेलो होतो. आता परत घेतील का?

पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यासोबत सेवेला निघालेला योहान मार्क पंफुल्यातल्या पिर्गाहून असाच परतला होता. त्याला पुन्हा न्यायला पौल तयार नव्हता, बर्णबाशी कडाक्याचा वाद झाला आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबाने मार्कला कुप्र (सायप्रस) बेटावर नेलं. पुढे त्याच पौलाने मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असं लिहिलं (२ तीमथ्य ४:११). म्हणजे मार्कची पुन्हा सुरुवात झाली ती पौलासोबत नव्हे, बर्णबासोबत. तुम्हीही जुन्या जागेचा हट्ट धरू नका, आधी तुमचा बर्णबा शोधा आणि दुय्यम काम घ्या. मात्र जाण्यामागे पैशाचा घोळ किंवा कुणाला दिलेला त्रास असेल, तर आधी कबुली आणि भरपाई. विश्वास परत कधी टाकायचा हे दुखावलेल्यांनी ठरवायचं, आणि तोवर हिशेबाची वही दुसऱ्याच्याच हाती राहू द्या.