कोणी बोललंच नाही तर?

‘ऑनलाइन कथावाचनाचा गट सुरू करायचाय, पण कोणी बोललंच नाही तर?’ ही धास्ती घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात. कुणी नुकतं निवृत्त झालेलं असतं, कुणी परदेशात मुलांकडे राहायला गेलेलं. त्यातलंच एक प्रकरण, ओळख पुसून सांगते.

निवृत्त शिक्षिका. व्हॉट्सॲप ग्रुपवर बावीस जण, पहिल्या भेटीला आले तिघे. पुढची लिंक त्यांनी टाकलीच नाही.

“लोकांना माझ्यात रस नाही, हे कळलं मला.”

“त्या तिघांनी कथा वाचली होती, ताई?”

“एकाने. पंचवीस पानांची होती.”

“आणि तुम्ही विचारलंत काय?”

“लेखकाला यातून काय सुचवायचं आहे?”

मी गप्प राहिले. जरा वेळाने त्यांनाच हसू फुटलं. “अहो, मी तर तोंडी परीक्षाच घेतली की त्यांची!”

हे त्यांचं त्यांना दिसावं म्हणून मी आमच्या दोघींच्या बऱ्याच भेटी थांबले होते. मी सांगितलं असतं, तर त्यांनी मान डोलावली असती, एवढंच. समोरचे गप्प बसले की आपण त्याचा अर्थ लावतो आणि मग त्या अर्थावरच रुसून बसतो. तपासून पाहिलं तर पुष्कळदा गृहपाठ झालेला नसतो, बस्स.

म्हणून आधी गृहपाठच काढून टाकला. कथा भेटीतच मोठ्याने वाचायची. दोन हजार शब्दांना साधारण सतरा-अठरा मिनिटं लागतात; झूमच्या मोफत बैठकीची ४० मिनिटं त्यात आरामात पुरतात. दोघांनी अर्धी-अर्धी वाचावी, बाकीच्यांचे माइक बंद. कॅमेऱ्याचा आग्रह नको, काही जण पोळ्या लाटत ऐकतात आणि तेच नंतर भरभरून बोलतात.

वार-वेळ स्वतः ठरवा, पंधरवड्यातून एकदा. ग्रुपवर मतं मागवलीत तर महिना त्यातच जातो. आदल्या दिवशी एक निरोप, अर्धा तास आधी लिंक, बाकी शुभसकाळ वगैरे काही नाही.

वाचून झाल्यावर एकच विचारा: ‘कुठल्या वाक्याशी थांबलात?’ याचं उत्तर चुकूच शकत नाही. मग मनात दहापर्यंत मोजा. मोजून होण्याआधी तुम्ही बोललात, तर पुढची वीस मिनिटंही तुम्हीच बोलणार! शिक्षकांना हे सगळ्यात जड जातं.

पुस्तकांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरवू नका. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. ह. ना. आपटे १९१९ साली गेले, त्यांच्या कथा मोकळ्या आहेत. भाषा जुनी वाटली तर घरातला दिवाळी अंक काढा आणि त्यातली कथा समोर धरून वाचा.

चौघे आले तरी ठरल्या वेळेला सुरू करा. न आलेल्यांची चौकशी ग्रुपवर करू नका; ओशाळलेला माणूस पुढच्या वेळीही येत नाही. नेमाने येणारे आठाच्या वर गेले, की दुसरा वार काढून दोन गट करा.