मांजराच्या खांद्यावरची गाठ : आधी तुकडा, मग ऑपरेशन

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या बोक्याला चार महिन्यांपूर्वी खांद्यांच्या मधोमध रेबीजची लस टोचली. तिथे आता अडीच सेंटिमीटरची टणक गाठ आहे. सुईने तपासल्यावर ‘फक्त सूज’ असा रिपोर्ट आला. छोट्या ऑपरेशनने काढून टाकावी का? यापुढे लस बंद करावी का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : अशी घाईने काढू नका. लसीनंतर येणारी गाठ बहुधा आपोआप विरते. पण तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा महिना उलटूनही वाढत असली, तर गाठीचा छोटा तुकडा काढून तपासायचा (बायोप्सी). यातलं एक कारणही पुरतं, तुमच्याकडे दोन आहेत. शंका आहे ती इंजेक्शनच्या जागी होणाऱ्या सार्कोमाची. हा कर्करोग दुर्मीळ आहे, साधारण दहा ते तीस हजार लसींमागे एक.

सुईच्या रिपोर्टवर विसंबू नका. गाठीभोवती सूज असते. सुई तिथेच शिरली तर कर्कपेशी हाती लागत नाहीत. जाड सुईने किंवा छोटा छेद देऊन तुकडा घ्यावा, आणि तो छेद पुढच्या ऑपरेशनमध्ये सबंध निघून जाईल अशा जागी असावा. तुकडा त्याच्या दहापट फॉर्मेलिनमध्ये (तो खराब होऊ न देणाऱ्या द्रावणात) पाठवतात.

गाठ हाताला गोल, सुटी लागते. पण तिचे तंतू स्नायूंच्या पदरांत दूरवर गेलेले असतात. नुसती सोलून काढली की ती परत येते, आणि दुसऱ्या वेळी पूर्ण काढणं फार अवघड जातं. निदान पक्कं झालं तर चहूबाजूंनी तीन ते पाच सेंटिमीटर आणि खाली दोन पदर घेऊन काढावी लागते. कधी मणक्यांची टोकं, खांद्याच्या हाडाचा भागही. म्हणून आधी सीटी स्कॅन आणि छातीचा एक्स-रे. सर्जनना थेट विचारा, ‘कडा किती सेंटिमीटर घेणार?’ उत्तर गुळमुळीत आलं तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घ्या. जाताना लसीचं कार्ड आणि दर आठवड्याची मापं न्या. हळद-चुन्याचा लेप मात्र नको; चुना कातडी भाजतो आणि बोका तो चाटतो.

लसीचं म्हणाल, तर या बोक्याचा निर्णय रिपोर्टनंतर डॉक्टरांशी बोलून घ्या. घरात दुसरी मांजरं असतील तर त्यांची रेबीजची लस मुळीच चुकवू नका. फक्त ती उजव्या मागच्या पायात, गुडघ्याखाली टोचायला सांगा. तिथे सार्कोमा झालाच तर पाय काढून जीव वाचवता येतो. खांद्यांमध्ये ती सोय नाही.