रत्नागिरीत गाडी दिवसभर उन्हात असते. आत ठेवलेल्या रिचार्जेबल टॉर्चची बॅटरी किती वर्षं टिकेल?

साधारण 2 ते 3 वर्षं धरून चला. तीच टॉर्च घरात सावलीत ठेवलीत तर जास्त टिकेल. हल्लीच्या बहुतेक टॉर्चमध्ये लिथियम-आयन सेल असतो, बऱ्याचदा 18650 आकाराचा. तो 300 ते 500 वेळा पूर्ण चार्ज होऊ शकतो, पण गाडीतली टॉर्च वर्षात दहा वेळाही चार्ज होत नाही. म्हणजे ती वापरून नव्हे, तापून खराब होते. एप्रिल-मेमध्ये काचा बंद असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान 60 अंशांवर सहज जातं, आणि फुल चार्ज केलेल्या सेलची क्षमता अशा उष्णतेत सगळ्यात लवकर घटते. म्हणून:

- सीटखाली ठेवा, डॅशबोर्डवर कधीच नको.
- उन्हाळ्यात निम्मी चार्ज ठेवा, दोन-तीन महिन्यांनी तपासा.
- मिरगाच्या आधी मात्र फुल करा. आंबा घाटात रात्री दरड आली तर तेव्हाच ती लागणार. 2600 एमएएचचा सेल 5 वॉटच्या झोतावर दीड-पावणेदोन तास चालतो, मंद उजेडावर कितीतरी जास्त.
- चार्जिंग पोर्टचं रबरी झाकण नीट लावा. खाऱ्या हवेने पोर्ट गंजला की चांगला सेलही वाया जातो.

हे लेड-ॲसिड बॅटरीच्या जुन्या जड टॉर्चला लागू नाही. ती अर्धी ठेवलीत तर बिघडते, तिला कायम फुलच ठेवावं लागतं. आणि कुठलाही सेल फुगलेला दिसला तर त्याच दिवशी गाडीतून काढा, परत चार्ज करू नका.