ऊसतोडीला बीडहून माणसे, नोकरीला पुण्याकडे मुले

प्रश्न : आमच्या सोलापूर जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत, तरी माझा आयटीआय झालेला मुलगा पुण्याजवळच्या चाकणला कंत्राटी कामावर आहे आणि आमच्या शिवारातील ऊस तोडायला बीडहून टोळ्या येतात. हे असे उलटे का? मुलाला परत बोलवावे का?
– एक वाचक, मंगळवेढा तालुका

उत्तर : आपल्याला हे उलटे वाटते, पण दोन्ही स्थलांतरांचे मूळ एकच आहे : गावात वर्षभर पुरेल असे काम नाही. खरिपाच्या एका पिकावर वर्ष निघत नाही, म्हणून बीडचा कोरडवाहू शेतकरी पावसाळ्यातच मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून, आगाऊ उचल घेतो आणि दिवाळीच्या सुमारास बायकोसह निघतो. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता धरला जातो. दिवसभर तोडणी, मग डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरणे, तीही पुष्कळदा रात्री, आणि मुक्काम पाचटाच्या खोपीत. एवढे करून मजुरी टनावर मिळते आणि ती आधी उचलीत वळती होते. हे काम कर्जाने बांधलेले आहे, म्हणून इथल्या मुलांनी ते नाकारले तर त्यांना आळशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

कारखान्यात कायम नोकऱ्या मोजक्याच असतात आणि गाळप हंगामी असते. शिवाय उजनी धरणाचे पाणी जिल्ह्यात सारखे पोहोचले नाही : पंढरपूर, माढ्याचा कालव्याखालचा पट्टा उसाने भरला, तर मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडील गावे पाण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करीत राहिली. सोलापूर शहर एकेकाळी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांना सामावून घेत असे. आता मोठ्या गिरण्या बंद आहेत, आणि यंत्रमाग व विडी यांच्या मजुरीवर आयटीआय झालेला मुलगा टिकत नाही.

यात एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. प्रादेशिक असमतोलावर दांडेकर समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे स्थापन झाली. सोलापूर ‘उर्वरित’मध्ये, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पंक्तीला बसले. ज्या सरासरीत पुण्याची कारखानदारी मोजली जाते, तिच्यात सांगोला-मंगळवेढ्याची वंचना दिसणार कशी? विभागाऐवजी तालुका हे एकक धरून पाणी आणि उद्योग यांचा हिशेब मांडला जावा, ही मागणी आपल्या ग्रामसभेनेही ठरावाने केली पाहिजे.

मुलाला केवळ गावाच्या ओढीने परत बोलावू नये. इथे त्याच्या हाताला तितक्याच मोलाचे काम मिळत असेल, तरच बोलवावे. तोवर त्याला भविष्य निर्वाह निधीचा यूएएन हा खाते क्रमांक मिळाला आहे का आणि त्यात दरमहा रक्कम जमा होते का, हे विचारावे, कारण कंत्राटदार बदलला तरी तो क्रमांक तोच राहतो. त्याचे नाव आपल्या शिधापत्रिकेवर असेल आणि ती अन्नसुरक्षा योजनेतील असेल, तर आधार जोडणी पूर्ण करून घ्यावी. म्हणजे त्याच्या वाट्याचे धान्य त्याला चाकणच्या रास्त भाव दुकानातही उचलता येईल.