डेट्रॉइट शहराचं दिवाळं निघालं म्हणूनच तिथल्या सरकारी शाळा बुडाल्या का?

नाही, शाळा त्याआधीच गाळात रुतल्या होत्या. शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला जुलै 2013 मध्ये. शाळांचा पैशाचा कारभार मात्र 2009 पासूनच मिशिगन राज्याने नेमलेल्या माणसाच्या हाती होता. तिथे शाळांचं खातं महापालिकेपासून वेगळं असतं.

खरी गोम पटसंख्येत आहे. राज्याचं अनुदान डोक्यामागे मिळतं. लोक शहर सोडून गेले, उरलेल्यांतली बरीच मुलं चार्टर शाळांत (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा) गेली आणि दीड लाखांचा पट 50 हजारांखाली आला. पण वर्गातली पाच मुलं गेली म्हणून शिक्षकाचा पगार, हीटिंगचं बिल किंवा जुन्या कर्जाचा हप्ता थोडाच कमी होतो?

जानेवारी 2016 मध्ये शाळांच्या दुरवस्थेविरुद्ध शिक्षकांनी एकदम आजारपणाच्या रजा टाकल्या (संपाला कायद्याने बंदी, म्हणून ही शक्कल). स्पेन नावाच्या शाळेत तर जिमची लाकडी जमीन ओलीने फुगून वर आली होती, भिंतींना बुरशी. त्यानंतर जूनमध्ये राज्याने 61.7 कोटी डॉलर दिले. कर्ज जुन्या संस्थेच्या नावावर ठेवलं, शाळा नव्या संस्थेकडे गेल्या. इमारती मात्र त्याच. 2018 मध्ये पाण्यात शिसं आणि तांबं सापडल्यावर सगळ्या शाळांतलं पिण्याचं पाणी बंद करावं लागलं.